चर्चमधला ऑर्गन आणि जत्रेतली पायपेटी

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईत फोर्टमध्ये सेंट थॉमस कॅथेड्रल आहे. १७१८ साली ते प्रार्थनेसाठी उघडलं. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे जाता यायचं, त्यावरून चर्चगेट हे नाव पडलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका दुपारी नुसता सावलीला म्हणून मी तिथे आत शिरलो. कोणीतरी ऑर्गनवर सराव करत होतं. अगदी खालचा एक सूर लागला, आणि तो कानाआधी बाकाच्या लाकडातून माझ्या तळहाताला कळला. त्या क्षणी डोळ्यांसमोर आली ती कुडाळजवळच्या आमच्या गावची जत्रा. देवळापुढे दशावताराचं नाटक रंगलंय, मृदंग घुमतोय, झांज वाजतेय आणि कडेला पेटीमास्तर दोन्ही पायांनी भाता मारताहेत.

तेव्हा मला तो मनाचा खेळ वाटला. पण या दोन वाद्यांचं नातं खरंच आहे, आणि आज त्याबद्दलच बोलायचंय.

चर्चमधला मोठा ऑर्गन म्हणजे नळ्यांचं रान. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने पाण्याच्या दाबावर वाजणारा ऑर्गन केला, तो याचा मूळपुरुष. पुढे पाण्याची जागा भात्याने घेतली. एका सुराला एक नळी. मुख्य ओळीतला सर्वांत खालचा सूर काढायला सुमारे आठ फूट लांबीची नळी लागते, त्याच्याही खालच्या सप्तकात उतरायचं तर सोळा फुटांची. अशा शेकडो नळ्यांना वारा पुरवायचा कोणी? वीज नव्हती तेव्हा वाद्यामागे माणसं उभी राहून भाते ओढत. वादकाचं नाव राहिलं, भाते ओढणाऱ्यांचं क्वचितच कुठे लिहिलेलं सापडतं. मला मात्र त्या माणसांची फार आठवण येते.

असलं अवाढव्य वाद्य गावोगाव न्यायचं कसं? नळीऐवजी पितळेची पातळ पट्टी बसवली तर बोटभर जागेत सूर मावतो. आपल्याकडे पेटीवाले तिलाच सूर म्हणतात. पॅरिसच्या आलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ साली अशा वाद्याचं पेटंट घेतलं आणि त्याला हार्मोनियम हे नाव दिलं. अमेरिकेत दुसरी तऱ्हा रुजली. तिथला भाता वारा बाहेर न ढकलता आत ओढतो, त्यामुळे आवाज जरा गोल, मऊ येतो. आपल्या संगीत नाटकांतला ऑर्गन तो हा. नळ्यांचा ऑर्गन हवा तापली की चढतो, गार झाली की उतरतो. पितळी सूर त्या मानाने पुष्कळ स्थिर. जिथे मोठा ऑर्गन परवडत नव्हता, अशा लहान चर्चमध्ये आणि मिशनमध्ये हीच वाद्यं आली. आपल्या शेजारच्या गोव्यात तर सोळाव्या शतकापासून चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन आणि वाद्यं शिकवली जात. शिकवणाऱ्याला तिथे ‘मेस्त’ म्हणतात.

मराठी रंगभूमीने हे वाद्य इतकं आपलंसं केलं, की बालगंधर्वांचं गाणं म्हटलं की ऑर्गन आणि सारंगी आपसूक ऐकू येऊ लागते. दशावतारात त्याची पायपेटी झाली. कारण अगदी साधं आहे. पाय भात्याला लागले की दोन्ही हात वरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांना मोकळे होतात, आणि मायक्रोफोन नसलेल्या पटांगणात शेवटच्या माणसापर्यंत सूर पोचवायला त्या दोन हातांची गरज होती.

इथे, रेडिओवरून बोलतोय म्हणून, एक गोष्ट सांगायलाच हवी. १९४० साली याच माध्यमाने हार्मोनियमला दार बंद केलं. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही, तिचे बारा सूर ठरलेले, आपल्या श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, त्यांत बसत नाहीत, असा आक्षेप होता. तीसएक वर्षांनी, १९७१च्या सुमारास, साथीपुरतं ते दार किलकिलं झालं. आक्षेप खोटा नव्हता. पण त्या सगळ्या वर्षांत कोकणातल्या एकाही जत्रेत पायपेटी थांबली असेल असं मला वाटत नाही. राजा रागावला की पेटी त्याच्या आधी रागावते, राणी रडली की सूर धरून तिच्याबरोबर थांबते. नाटकाची संहिता लिहिलेली नसते. पात्र पुढे काय बोलेल, कुठल्या चालीत शिरेल, हे पेटीमास्तरांना चेहऱ्यावरून ओळखावं लागतं.

आमच्या आजोबांची पायपेटी माळ्यावर पडून होती. खाऱ्या हवेने सुरांवर हिरवा गंज चढला होता, भात्याचं चामडं उंदरांनी कुरतडलं होतं. गेल्या पावसाळ्यात एका जुन्या कारागिराला बोलावलं. त्यांनी एकेक सूर काढून पुसला. उतरलेला सूर चढवायचा तर पट्टीचं टोक किंचित घासायचं, चढलेला उतरवायचा तर बुंध्याकडे. दोन दिवस ते घासत होते, ऐकत होते, पुन्हा घासत होते. मी म्हटलं, “काका, हल्ली विजेवरचा कीबोर्ड मिळतो, त्याला हे सगळं लागत नाही.” मान वर न करता ते म्हणाले, “ता खरा. पण तेका वारो नाय लागना.”

मग त्यांनी मला बसवलं आणि पाय मारायला सांगितलं. पहिल्यांदा नुसती धूळ आली. मग खर्ज लागला, आणि हाताखालचं लाकूड फोर्टातल्या त्या बाकासारखंच थरथरलं.

कार्तिक संपता संपता आपल्याकडच्या जत्रा सुरू होतील. धयकाल्याला, म्हणजे जत्रेतल्या दशावताराच्या खेळाला, गेलात आणि पहाटेच्या सुमारास राजाराणीवरून नजर जरा हटली, तर पेटीच्या खाली बघा. मध्यरात्रीपासून ते दोन पाय थांबलेले नसतात.

नमस्कार.