कंपासला न सुचणारं वर्तुळ

जिऑमेट्रिक सॅन्स सेरिफ अक्षरं पाहिली की कुणालाही वाटतं, ही पट्टी-कंपास घेऊन काढली असणार. ओ म्हणजे वर्तुळ, व्ही म्हणजे त्रिकोण, टी म्हणजे दोन सरळ रेघा. टोकांना सेरिफची शेपटीही नाही. हा समज मला आज खोडून काढायचा आहे, कारण या अक्षरांतली खरी कारागिरी त्याच्याआड झाकली जाते.

पडद्यावर पाहा. डावीकडे कॅपिटल एच आहे, शेजारी कंपासनं काढलेला ओ. उंची तंतोतंत सारखी, जाडीही सगळीकडे एकच. तरी ओ बुटका दिसतोय ना? एचचे खांब वरच्या-खालच्या रेषांना पूर्ण जाडीनिशी टेकतात. वर्तुळ जेमतेम एका बिंदूत टेकतं आणि लगेच वळतं. म्हणून ओ वर आणि खाली किंचित रेषेबाहेर काढावा लागतो. शिवाय आडवी रेघ डोळ्याला उभ्या रेघेपेक्षा जाड भासते, तेव्हा माथ्याशी आणि तळाशी ती थोडी बारीक करायची. आता लहान एन घ्या. कमान खांबाला मिळते तिथे काळपट डाग दिसतो; खिळ्यांच्या छपाईत तर शाईही अशाच बेचक्यात साचायची. त्यामुळे कमान तिथे निमुळती होत जाते. एवढं सगळं केल्यावर कुठे अक्षर भौमितिक दिसू लागतं!

जर्मन अक्षररचनाकार पॉल रेनर यांचा फ्युचुरा हा याच घराण्यातला टंक, म्हणजे फॉन्ट, 1927 साली फ्रँकफुर्टच्या बाउअर या खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीनं बाजारात आणला. सुरुवातीच्या आराखड्यांत लहान आर म्हणजे एक खांब आणि शेजारी सुटा ठिपका होता. असे प्रयोग पुढे मागे पडले. कॅपिटल अक्षरांची प्रमाणं मात्र त्यांनी जुन्या रोमन शिलालेखांच्या वळणावर ठेवली: ई, एफ, एल अरुंद, ओ ऐसपैस. मला फ्युचुरा आवडतो तो यासाठी. नव्या युगाचा म्हणून गाजलेल्या या टंकाचा सांगाडा दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे.

1969 साली अपोलो 11 मोहिमेनं चंद्रावर ठेवलेल्या फलकावरचा मजकूर फ्युचुराच्या कॅपिटलमध्ये आहे. मोजके शब्द, मोठी अक्षरं, भोवती मोकळी जागा असली की हा टंक खुलतो. मथळे, पाट्या, बोधचिन्हं ही त्याची हक्काची जागा. सलग पानभर मजकुराला तो मी सहसा घेणार नाही. त्यातले लहान ए, बी, डी, पी, क्यू एकाच गोलाला दांडी जोडून बनतात. बारीक आकारात ए आणि ओ यांत फरक उरतो तो एका दांडीचा. अक्षररचनाकार एड्रियन फ्रुटिगर यांनी 1988 साली अव्हेनीर हा टंक केला तेव्हा लहान ए दुमजली, म्हणजे गोलावर वळलेली कमान असलेला, ठेवला, ओ पूर्ण वर्तुळ होऊ दिला नाही. वाचणाऱ्याचा विचार त्यात दिसतो.

म्हणून पासवर्ड, खाते क्रमांक किंवा औषधाचं नाव दाखवायचं असेल तर टंक ठरवण्याआधी त्यात कॅपिटल आय, लहान एल आणि 1 शेजारी शेजारी लावून पाहा. तिन्ही वेगळी ओळखू येत नसतील, तर टंक कितीही देखणा असला तरी तिथे दुसरा घ्या.