तारीख नसलेली साक्ष

(उपवासकाळातल्या एका संध्याकाळच्या सभेतील व्याख्यान, थोडं संपादित करून)

पाळकसाहेब, मंडळी, सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. विषय दिलाय ‘ख्रिस्ती जीवनातील वाढ’, आणि वेळ दिलाय अर्धा तास. त्यातली दहा मिनिटं गीतात गेली. तक्रार नाही, गीत छान झालं. तबला जरा पुढं पळत होता, एवढंच.

आपल्याकडं साक्ष कशी देतात ते तुम्हाला ठाऊक आहे. अमुक तारखेला प्रभू भेटला, त्या दिवसापासून दारू सुटली, तंबाखू सुटली, शिवी सुटली. देवाची स्तुती असो, असं घडतंही. पण बाकीच्यांनी काय करायचं? एका गावी मी साक्षसभेला बसलो होतो. सूत्रसंचालकानं आधीच बजावलं होतं: दोन मिनिटं, आणि तारीख सांगायची. पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली, पदर नीट केला आणि म्हणाली, “माझा सुनंवरचा राग काय अजून गेला नाही. पण आधी मी भांडी आपटायची. आता ठेवते. जरा जोरात ठेवते, पण ठेवते.” सगळे हसले. तुम्हीही हसलात, हसा. सूत्रसंचालक मात्र म्हणाला, “आजी, ही साक्ष होत नाही, बसा.” आणि ती बसली! त्यानंतर एक गृहस्थ उठले, तारीख, वार, वेळ सगळं तोंडपाठ. टाळ्या त्यांना. सभा सुटल्यावर चपला शोधताना ते कुणावर तरी असे खेकसले की विचारू नका.

माझा राग त्या सूत्रसंचालकावर अजून आहे. (मागून कुणीतरी: “तारीख सांगा!”) सांगत नाही.

आता लक्ष्मीबाई टिळकांकडं या. त्यांचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे वाचलं नाही असं मराठी ख्रिस्ती घर नसावं; असलं तर हात वर करू नका, उद्या आणून वाचा. रेल्वेत भेटलेल्या एका परक्या गृहस्थानं त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला तो 1893 साली, आणि बाप्तिस्मा झाला 10 फेब्रुवारी 1895 ला, मुंबईत. म्हणजे ज्याला आपण एका दिवसाची गोष्ट समजतो तिलाही दोनेक वर्षं लागली. आणि बाई? नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्यांच्यावर आभाळच कोसळलं. काही वर्षं ताटातूट. परत एकत्र आल्या त्या सोवळं घेऊनच: चूल वेगळी, पाणी वेगळं. वडिलांच्या घरचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय आत येत नसे. ते काय एका प्रार्थनेत सुटणार? जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न मनात घोळला, आधी दुसऱ्याच्या हातचं पाणी, मग अन्न, आणि बाप्तिस्मा 1900 साली. टिळकांचा तापटपणा तर बाप्तिस्म्यानंतरही घरात होताच, आणि बाईंनी तो झाकला नाही. नवरा गेल्यावर त्याचं अपुरं ख्रिस्तायन, म्हणजे ख्रिस्ताच्या जीवनावरचं काव्य, पुरं केलं तेही याच बाईंनी, ज्या शाळेत कधी गेल्या नव्हत्या.

पाळकसाहेब घड्याळ दाखवताहेत. बरं, पाच मिनिटं. खरं व्याख्यान आता सुरू होतंय, म्हणून घाईत ऐका.

एक, बायबलातलं मार्क 4:28. जमीन आपसूक पीक देते. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. पेरणारा रात्री झोपतो हे त्याच्याच आधीच्या वचनात आहे. सारखं उकरून बघू नका.

दोन, रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय. जे चांगलं करावंसं वाटतं ते होत नाही, हे प्रेषित पौल लिहितोय. त्याला काय, ‘बसा’ म्हणणार?

तीन, आणि हे मला सविस्तर सांगायचं होतं. येशूचा शिष्य पेत्र, त्याला यापो गावी दृष्टांत झाला, देवानं शुद्ध केलं त्याला तू अशुद्ध म्हणू नको. तो कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी गेला, परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर जेवला. संपलं असं वाटतं ना? पण पुढं अंत्युखिया शहरात याकोबाकडची, म्हणजे यरुशलेमच्या मंडळीच्या पुढाऱ्याकडची यहूदी माणसं आली, आणि हाच पेत्र भिऊन पंक्तीतून बाजूला झाला. पौलानं त्याला तोंडावर विरोध केला. पेत्राला! म्हणजे दृष्टांत मिळूनही पाय मागं पडतो, आणि तरी कुणी त्याचं प्रेषितपण काढून घेतलं नाही. आपल्या मंडळीत कुणाची दारू सुटून पुन्हा लागली, तर आपण त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवतो की त्याच्या घरी जातो, हे मंडळीच्या वडीलजनांच्या सभेत ठरवा, इथं नको, भांडणं होतील.

गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय घरी वाचा, अकराव्या वचनापासून. पौल काय म्हणाला ते सगळं लिहिलंय. त्यावर पेत्र काय म्हणाला, ते पौलानं लिहिलेलं नाही.