चिपाडातलं लिग्निन: सगळं राखेवर ठरतं

(दृश्य: पुण्यातली एक रसवंती. चरकाचे घुंगरू, मागे चिपाडांचा ढीग.)

तीनदा चरकातून गेलेलं हे चिपाड पिळून पाहा. रसाचा थेंब नाही, तरी तुटत नाही. उसाचे तंतू एकमेकांना घट्ट धरून ठेवणारा हा पदार्थ म्हणजे लिग्निन. कोरड्या चिपाडाचा साधारण पाचवा हिस्सा त्याचाच असतो.

(दृश्य: प्रयोगशाळेतला ओटा.)

ते सोडवायला कॉस्टिक सोडा लागतो. आधी चिपाड धुवायचं. राहिलेली साखर सोडा फुकट खाते आणि माती शेवटी राखेत दिसते. वाळवून दोन-तीन मिलिमीटरचा भुगा करायचा. १०० ग्रॅम भुग्याला एक लिटर पाणी आणि २० ग्रॅम सोडा. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. भांडं स्टीलचं हवं, कारण ॲल्युमिनियम सोड्यात विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. ९० अंशांवर दोन तास ठेवलं की पाणी कोऱ्या चहापेक्षा काळं होतं. गाळून उरलेला चोथा कागदाच्या कामाचा. आपल्याला हवंय ते काळं पाणी.

आता विरल सल्फ्युरिक ॲसिड, ढवळत, थेंबाथेंबानं. ऊस मुळात गवताच्या कुळातला, त्यामुळे सोड्यात सिलिकाही (वाळूतला घटक, जो शेवटी राखेत उरतो) उतरलेली असते. पीएच ९ च्या आसपास थांबलं तर तिचा बराच भाग आधी खाली बसतो. थोडं लिग्निनही तिच्याबरोबर जातं, ते जाऊ द्यावं. गाळून मग पुढे पीएच २ ते ३ पर्यंत जायचं. तपकिरी साका धरायला लागतो.

(दृश्य: फिल्टरवर साचलेला गाळ, अगदी जवळून.)

खरी परीक्षा इथे. थंडच गाळलं तर साका शेवाळासारखा बुळबुळीत राहतो आणि फिल्टर चोंदतो. ६० अंशांवर अर्धा तास ठेवलं की कण एकत्र येऊन जाड होतात, पाणी भराभर खाली उतरतं. फार तापवलं तर मात्र ओलं लिग्निन मऊ पडून डांबराचा गोळा होतो. पुढची चूक धुण्यात होते. लगेच साध्या पाण्यानं धुतलं की पीएच वर चढतो, क्षार कमी होतात, कण पुन्हा सुटे होऊन फिल्टर बंद. आधी पीएच २ चं पाणी, साधं पाणी अगदी शेवटी. ४०-५० अंशांवर वाळवलं की कोको पावडरीसारखी पूड मिळते. १०० ग्रॅम भुग्यामागे दहाएक ग्रॅम हाती आली तरी चांगलं.

ती कुठे जाणार, हे मुशीत एक ग्रॅम जाळून कळतं. उरलेली राख तोलायची.

दोन-चार टक्के राख प्लायवूडच्या गोंदाला चालून जाते. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये मिळणाऱ्या वॉटरप्रूफ प्लायमध्ये फिनॉल-फॉर्माल्डिहाइड हा गोंद असतो आणि फिनॉल येतं खनिज तेलातून. त्यातलं निम्म्यापर्यंत फिनॉल लिग्निननं बदलता येतं. उसाच्या लिग्निनमध्ये फॉर्माल्डिहाइडला जोडून घ्यायला मोकळ्या जागा टणक लाकडाच्या लिग्निनपेक्षा जास्त, ही आपली जमेची बाजू. पण फिनॉलपेक्षा त्या कमीच, म्हणून फॉर्माल्डिहाइडचं माप उतरवावं लागतं, नाहीतर प्लायला वास येत राहतो. गोंद धरतोही सावकाश. प्रेसमधला वेळ वाढला की कारखानदार तोंड वाकडं करतो.

साखर कारखान्याची अडचण वेगळी. तिथे बगॅस, म्हणजे हेच चिपाड, फुकट पडलेलं नसतं, बॉयलरमध्ये जाऊन वाफ आणि वीज देत असतं. लिग्निन हा तर त्यातला सर्वांत जास्त उष्णता देणारा भाग. जळणापेक्षा चांगला भाव मिळाला तरच ते बाहेर काढण्यात अर्थ.

(दृश्य: काळ्या तंतूंची गुंडी.)

म्हणून नजर जाते कार्बन फायबरकडे, म्हणजे कार्बनच्या हलक्या पण मजबूत तंतूंकडे. इथे राख ०.१ टक्क्याच्या आत हवी. केसाहून बारीक तंतूत राखेचा एक कण राहिला तरी तापवल्यावर तिथे पोकळी पडते आणि तंतू नेमका तिथेच तुटतो. लिग्निन वितळवून ओढलेला तंतू आधी हवेत सुमारे २५० अंशांपर्यंत न्यायचा, तोही मिनिटाला अंशाचा काही भाग अशा गतीनं. मगच ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत, हजार अंशांच्या पुढे. पहिल्या टप्प्यात घाई केली तर तंतू मऊ होऊन एकमेकांना चिकटतात आणि धाग्याऐवजी काळी पापडी बाहेर येते.