जॉयस समर्सचा मृत्यू: ‘बफी’च्या एका भागाविषयी

मघाशी दिवे लागल्यावर मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, ‘भुताखेतांचं दाखवणार म्हणून आले होते, हे काय दाखवलंत?’ प्रश्न अगदी रास्त आहे. २७ फेब्रुवारी २००१ ला अमेरिकेत ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’चा हा भाग, ‘द बॉडी’, पहिल्यांदा लागला तेव्हा नेहमीच्या प्रेक्षकांचीही अशीच पंचाईत झाली असणार. आज त्या पंचाईतीबद्दलच बोलायचं आहे. हा भाग दुःखद आहे हे सांगायला व्याख्याता लागत नाही. पण तो इतका का लागतो, हे कळायला मालिकेची थोडी ओळख हवी.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९९७ ते २००३, सात पर्वं, १४४ भाग. कॅलिफोर्नियातलं सनीडेल नावाचं एक काल्पनिक गाव. तिथल्या शाळेच्या खाली पाताळाचं तोंड, त्यामुळे गावात पिशाच्चांचा सुळसुळाट. आणि त्यांचा निकाल लावायची जबाबदारी बफी समर्स या मुलीवर, म्हणजे सारा मिशेल गेलर. घरी आई जॉयस, घटस्फोटित, एक कलादालन चालवते. पोरगी रात्री-अपरात्री कुठे जाते, याचा पत्ता या माउलीला पहिली दोन पर्वं नाही! बाकीचं तुम्ही सावकाश बघा.

आता मुद्दा असा की अशी मालिका चार-पाच वर्षं बघितली की बघणाऱ्याला एक सवय लागते. सनीडेलमध्ये माणसं दर आठवड्याला मरतात, बरेचदा शीर्षकं येण्याआधीच. पण प्रत्येक मरणामागे कुणाचा तरी हात असतो. मानेवर दातांच्या खुणा असतात, नाहीतर कुणी मंत्र टाकलेला असतो. तो कोण ते हुडकायचं, त्याला गाठायचं, खुंटा छातीत मारायचा, धूळ झटकायची. शिवाय इथलं मरण कायमचं असेलच असंही नाही. खुद्द बफी पहिल्या पर्वाच्या शेवटी बुडून मरते. तिचा मित्र झँडर तिच्या तोंडात श्वास भरतो, ती खोकते, उठते आणि ज्याने मारलं त्यालाच जाऊन मारते.

म्हणून मी हा भाग पहिल्यांदा पाहिला तेव्हा सोफ्यावर निपचित पडलेली जॉयस दिसल्याबरोबर माझी नजर तिच्या मानेकडे गेली. खुणा आहेत का? नाहीत. मग मनात आलं, हे ग्लोरीचं काम. ग्लोरी ही त्या पर्वातली खलनायिका, तिला बफीची धाकटी बहीण डॉन हवी असते. म्हणजे बाई मरून पडली आहे आणि मी संशयितांची यादी करतोय. ही सवय मला मालिकेनेच लावलेली होती आणि या भागात तिने ती मोडून काढली. खुनी कुणी नव्हताच. त्याच पर्वात जॉयसच्या मेंदूत गाठ निघाली होती, शस्त्रक्रिया झाली होती, ती बरी होऊन कामाला लागली होती आणि आपण सुटलो म्हणून निःश्वास टाकला होता. मग एका दुपारी मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. बस्स, एवढंच.

आता तो छाती दाबण्याचा प्रसंग आठवा. बफी फोनवरून सूचना घेते आणि आईच्या छातीवर दाब देते. ती साधी मुलगी नाही, तिच्या अंगात दहा माणसांचं बळ आहे. त्या बळाने आईची बरगडी मोडते. आवाज येतो तेवढाच. पहिल्या पर्वात झँडरच्या साध्या फुंकरीने जे झालं, ते इथे मालिकेतल्या सगळ्यात बलवान माणसाच्या हातून होत नाही. दोन प्रसंगांत चार वर्षांचं अंतर आहे आणि कुठलंही पात्र त्याची आठवण काढत नाही. ज्याने दोन्ही पाहिले आहेत त्याच्याच काळजात ते जाऊन बसतं.

त्यानंतरची मिनिटं मला या भागातली सगळ्यात मोलाची वाटतात, कारण त्यात कथा पुढे सरकतच नाही. बफी फोनवर सांगते, आई गार लागते आहे. आणि विचारते, तिला ऊब देऊ का? रुग्णवाहिकेची माणसं यायच्या आधी ती आईचा वर सरकलेला स्कर्ट नीट खाली ओढते. परकी माणसं येणार आहेत ना घरात. हे ज्याने लिहिलं त्याने असं घर पाहिलेलं आहे. लेखक-दिग्दर्शक जॉस व्हीडनची आई अशीच, मेंदूतली रक्तवाहिनी फुटून, अचानक गेली होती.

मग ती माणसं येतात आणि काही क्षण जॉयस शुद्धीवर येते, सगळे हसतात, इस्पितळात कौतुक होतं. आपणही ‘हुश्श’ म्हणतो. आणि पुन्हा सोफ्याजवळची तीच जमीन, तेच उघडे डोळे. बफीच्या मनात तरळून गेलेलं चित्र होतं ते. मला याचा राग आला होता, खरं सांगतो. फसवणूक वाटली. पण अशा वेळी मेंदू हेच करतो, हे ज्यांच्यावर प्रसंग ओढवलाय त्यांना विचारून बघा.

ती माणसं जातात. त्यांना दुसरीकडून बोलावणं आलेलं असतं. बफी उलटी करते, मग कागदी रुमाल आणून त्यावर टाकते. ओल वर चढत जाते आणि कॅमेरा ती ओल बघत राहतो. परसदाराबाहेर लख्ख ऊन, पोरं खेळतायत. पार्श्वसंगीत नाही. संपूर्ण भागात नाही. आपल्याकडच्या संध्याकाळच्या मालिकांत सासूने भुवई उडवली तरी तीन वेळा ढोल वाजतो, त्या सवयीने हा भाग पाहिला तर पहिल्या दहा मिनिटांत कानाला चुकल्याचुकल्यासारखं होतं. गाणं लागलं की प्रेक्षकाला कळतं, आता रडायचं आहे. इथे कुणी खूण करत नाही.

इथे जरा आपल्याकडे वळतो. बफी त्या घरात एकटी असते ना, ते बघताना मला राहून राहून वाटत होतं, अरे, शेजारचं कुणी येत कसं नाही? आपल्याकडे कुणी गेलं की अर्ध्या तासात घर माणसांनी भरतं. कुणाकुणाला कळवायचं याची यादी एक जण करतो. दुसरा डॉक्टरांच्या दाखल्यामागे. गावाहून मुलगा निघालाय, थांबायचं का, किती वाजता न्यायचं, याची चर्चा ओटीवर. गंगेचं पाणी कुठल्या फडताळात आहे ते कुणाला तरी बरोबर ठाऊक असतं. घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो. मग दहावा, मग तेरावा. या सगळ्याचा अनेकांना वैताग येतो, मलाही येतो. आयुष्यभर न फिरकलेला मामेभाऊ पुढे होऊन व्यवस्थापन करू लागतो तेव्हा तर फारच! पण त्या गर्दीमुळे एक होतं. कागदी रुमालावर चढणारी ओल एकट्याने बघत बसायची पाळी सहसा कुणावर येत नाही. गर्दी ती बघू देत नाही. हे बरं की वाईट, माझं ठरलेलं नाही.

तिसऱ्या अंकात वसतिगृहाच्या खोलीत बफीची मैत्रीण विलो सदरे बदलत राहते. हा फार भडक आहे, हा पोरकट दिसतो, जॉयसला आवडायचा तो सापडत नाही. ती चेटूकविद्या शिकलेली मुलगी आहे, राक्षसांशी झुंजली आहे, आणि मैत्रिणीच्या आईच्या मयताला काय घालून जायचं हे तिला कळत नाही. आपल्याकडे हा प्रश्न येत नाही, पांढरं काढायचं आणि निघायचं. रीत नसली की माणूस कशात अडकतो ते त्या सदऱ्यांत दिसतं. तिची प्रेयसी टॅरा तिला जवळ घेते. या दोघींचं पडद्यावरचं पहिलं चुंबन याच प्रसंगात आहे. दूरचित्रवाणीवर त्या काळात दोन मुलींचं चुंबन म्हणजे जाहिरात करण्याजोगी गोष्ट. इथे ते इतक्या सहज येऊन जातं की तुमच्यापैकी कुणी आत्ता त्याची कुजबुजसुद्धा केली नाही.

आणि अ‍ॅन्या. तिच्याबद्दल बोललो नाही तर हे व्याख्यान फुकट. अ‍ॅन्या हजाराहून जास्त वर्षं सूड उगवणारी राक्षसीण होती, आता माणूस होऊन बसली आहे. माणसं मारणं हा तिचा व्यवसाय होता. ती खोलीत आल्यापासून भलतेसलते प्रश्न विचारते. प्रेत बघायला मिळणार का? ते कापणार का? विलो तिच्यावर उखडते. मालिकेत अ‍ॅन्या असं बोलली की प्रेक्षक हसतात, तिचं कामच ते. इथेही आपण हसायच्या तयारीत असतो. आणि तीच रडवेली होऊन म्हणते की मला हे समजतच नाहीये. जॉयस इथे होती, आता एक शरीर आहे, ती परत त्यात का शिरत नाही? ती आता कधी जांभई देणार नाही, केस विंचरणार नाही. आणि का, ते कुणी मला सांगत नाही. एमा कॉलफील्डने हे अगदी हट्टी मुलासारखं म्हटलंय. हजार वर्षं मरणाच्या धंद्यात घालवलेल्या बाईला मरणाची काहीच माहिती नाही. खरं तर सगळ्या मालिकेचंच तसं होतं. शेकडो मेले, पण कुणाच्या केसांच्या फणीपाशी ती थांबली नव्हती.

डॉनचा प्रसंग जरा तांत्रिक आहे, पण सुंदर. वर्गात चित्रकलेचा तास चाललाय. बाई सांगतात, वस्तू काढू नका, तिच्या भोवतीची मोकळी जागा काढा. बफी येते, तिला बाहेर नेते आणि आपण आत राहतो, वर्गातल्या पोरांसारखे काचेआड. शब्द ऐकू येत नाहीत, डॉन कोसळताना दिसते. यात मालिकेच्या जुन्या प्रेक्षकांसाठी आणखी एक काटा आहे. डॉन ही खरी मुलगीच नाही. साधूंनी एक दैवी किल्ली लपवायला तिला घडवलं आणि सगळ्यांच्या डोक्यात तिच्या खोट्या आठवणी भरल्या. आईच्या कुशीतलं तिचं बालपण घडलेलंच नाही. काचेआडचं रडणं मात्र अस्सल आहे. ती भूमिका करणारी मिशेल ट्रॅक्टेनबर्ग २६ फेब्रुवारी २०२५ ला गेली, अवघ्या ३९ व्या वर्षी. आता तो प्रसंग पूर्वीसारखा बघता येत नाही.

आता वादाचा मुद्दा. शवागारात शेवटी पिशाच्च का? पुष्कळांचं मत असं की एवढा संयम पाळल्यावर मालिकेला आपल्या धंद्याची आठवण झाली आणि रक्तपात आणला. मला ते पटत नाही. ती मारामारी नीट बघा. एरवी बफी लढताना टोमणे मारते, गिरक्या घेते, मागे ठेका चालू असतो. इथे एक नागडा, गोंधळलेला मुडदा टेबलावरून उठतो, दोघं फरशीवर धडपडतात, आणि ती शस्त्रक्रियेच्या करवतीने त्याचं मुंडकं उडवते. घाणेरडं, कष्टाचं काम. आणि लगेच शेजारच्या टेबलावरची चादर घसरलेली दिसते. या गावात मेलेले उठतात, हे आपल्याला पाच वर्षं माहीत आहे. त्याच खोलीत एक उठला. दुसरी उठणार नाही. पिशाच्च नसतं तर ही तुलना डोळ्यांसमोर आली नसती. माझी तक्रार एवढीच की ते जरा आधी यायला हवं होतं. डॉन दारातून आत शिरते तेव्हाच आपण ओळखतो की आता काहीतरी उठणार.

व्हीडनचं नाव घेतलं म्हणून एक बोलून टाकतो, नाहीतर प्रश्नोत्तरांत येणारच. २०२१ मध्ये मालिकेतल्याच करिझ्मा कार्पेंटर या अभिनेत्रीने त्याच्यावर चित्रीकरणाच्या ठिकाणी छळ केल्याचे जाहीर आरोप केले, इतर काही सहकारी तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या, गेलरनेही त्याच्या नावापासून अंतर राखलं. म्हणून हा भाग दाखवू नये, असं मला वाटत नाही. पण ‘एका प्रतिभावंताची कलाकृती’ असा गजरही मी करणार नाही. रुमाल टाकणारा हात गेलरचा आहे आणि अ‍ॅन्याचा आवाज कॉलफील्डचा.

यानंतरचा, याच पाचव्या पर्वातला सतरावा भाग, ‘फॉरेव्हर’, लोक सहसा दुय्यम मानतात. बांधणी ढिली आहे हे कबूल. पण आजच्या भागाने टाळलेला प्रश्न तो अंगावर घेतो. या गावात मेलेल्याला उठवायचे मंत्र मिळतात, मग आईसाठी का नाही? डॉन ते करायला बसते, आईचा फोटो समोर ठेवून. दारावर थाप पडते, आणि इतका वेळ मोठेपणाने वागणारी बफी दाराकडे धावते. दार उघडल्यावर काय होतं ते सांगत नाही, कारण तोच भाग पुढच्या महिन्यात लावायचा विचार आहे. ज्यांना पहिली चार पर्वं बघायला वेळ नाही त्यांनी निदान ‘हश’ हा १९९९ चा भाग बघून या, त्यात गावाचा आवाजच चोरीला जातो. चला, आता प्रश्न घेऊ.