गुरुजींची दोन पानं

नमस्कार श्रोतेहो. मी वकील आहे. मृत्युपत्रासाठी माझ्याकडे येणारी माणसं बहुधा कागद लिहूनच आणतात आणि म्हणतात, "मॅडम, फक्त नजर टाका." घरात विषय काढला की कुणीतरी "अभद्र बोलू नका" म्हणतं, म्हणून बिचारे गुपचूप लिहितात.

परवा एक निवृत्त शिक्षक आले. वळणदार अक्षरात वहीची दोन पानं भरलेली. शेत आणि गावचं घर पत्नीला.

मी विचारलं, "गुरुजी, सातबारावर कुणाची नावं आहेत?" तर दोन्ही भावांची. वाटप झालेलंच नाही. वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, अख्खं शेत कसं देणार?

"आणि पुण्याचा फ्लॅट? तो यात दिसत नाही."

"त्याला मुलाचं नॉमिनेशन केलंय ना!"

इथे मला दरवेळी थांबावं लागतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी त्याला तात्पुरता सभासद करून घेईल, पण मालकी कुणाची हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदाच ठरवतो. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर यांचं मृत्युपत्र होतं. त्याबाहेरच्या म्युच्युअल फंडांना नॉमिनी होते, आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला: नॉमिनी झाला म्हणून कुणी मालक होत नाही.

मग मी विचारलं, "गुरुजी, आई आहेत?"

"आहे की, ब्याण्णव वर्षांची."

हिंदू पुरुष मृत्युपत्राशिवाय गेला, तर पत्नी आणि मुलगे-मुलींच्या बरोबरीने आईलाही एक वाटा मिळतो. हे अनेकांना ठाऊकच नसतं. गुरुजी आधी गेले, तर फ्लॅटमधला तो वाटा आईकडे, आणि आईनंही मृत्युपत्र केलं नसेल तर पुढे तिच्या इतर मुलांकडे. म्हणजे गुरुजींच्या भावाकडेही. आईला द्यायचं असेल तर जरूर द्यावं, पण ते ठरवून.

मूल नसलेल्या बहिणींनो, तुमच्यासाठी हे अधिकच महत्त्वाचं. हिंदू स्त्रीचे पती आणि मुलंबाळं हयात नसतील, तर तिच्या स्वतःच्या कमाईवर आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांचा हक्क येतो. दिरापुतण्यांनी ढुंकूनही पाहिलं नसलं तरी. मुसलमान कुटुंबांत आणि गोव्यात नियम वेगळे आहेत. मुलं असतील तर गोव्यात निम्मीच मालमत्ता मर्जीप्रमाणे देता येते. म्हणून शेजाऱ्याचं मृत्युपत्र उतरवून काढू नका.

गुरुजींच्या कागदावर सही होती, साक्षीदार एकही नव्हता. किमान दोन लागतात, आणि दोघांनीही तुमच्यासमोर सही करायची. पुढे वाद झाला तर त्यांतल्या एकाला तरी कोर्टात यावं लागतं. त्यामुळे तुमच्याहून वयाने लहान, धडधाकट माणसं निवडा. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नका, विरुद्ध बाजूचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. स्टॅम्प पेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी मी ती करायला सांगते. वय फार असेल तर त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखलाही घ्या.

"एवढ्या दोन पानांसाठी वकिलाची फी?" हा प्रश्न गुरुजींनी येतानाच विचारला होता. जाताना पुन्हा विचारला नाही. सोमवारी सातबारा, फ्लॅटचा करारनामा, पासबुकं घेऊन येतो म्हणाले. "मुलालाही आणू का?"

म्हटलं, "मुलाला नको. शाळेतले दोन तरुण मास्तर आणा."