उंबर फोडून केंबरं

(दृश्य: खोडाला लगडलेली उंबरं. एक मधोमध कापलेलं.)

उंबर फोडून केंबरं काढू नयेत म्हणतात. आज आपण नेमकं तेच करणार आहोत.

हे कापलेलं उंबर बघा. आतली ही दाट लव म्हणजे शेकडो बारीक फुलं. उंबराचं फूल दिसत नाही ते यामुळेच. सगळा बहर आत वळलेला आणि टोकाशी एकच इवलंसं दार.

(दृश्य: दारात शिरणारी माशी.)

त्या दारातून आत घुसतेय ती केंबराची मादी. गांधीलमाशीच्याच गोतातली, पण जेमतेम दोनेक मिलिमीटरची. वाट इतकी चिंचोळी की तिचे पंख इथेच तुटतात. अंगावरचे परागकण ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. अंडं पडलेल्या फुलात अळी वाढते, उरलेल्या फुलांत बी धरतं.

याला सहजीवन म्हणतात. शब्द गोड आहे, त्यामुळे गैरसमज होतो. इथे मैत्री नाही, रोकडा हिशोब आहे. प्रत्येक अळीमागे झाडाचं एक बी बुडतं. पण माशी आली नाही तर एकही बी धरत नाही, आणि तिची पिल्लं दुसरीकडे कुठे वाढतही नाहीत. वड, पिंपळ, अंजीर, उंबर अशा 750हून अधिक प्रजातींच्या या गटात हा व्यवहार काही कोटी वर्षं चाललाय.

(दृश्य: उंबरावर उभी दुसरी माशी, लांब सुईसारखं शेपूट.)

ही मात्र दाराच्या भानगडीत पडत नाही. सालीतून सुई खुपसून बाहेरूनच अंडी घालते. परागकण आणत नाही. हिच्या अळ्या आतल्या अळ्यांच्या तोंडचा घास पळवतात, कधी त्यांनाच खातात. ही परजीवी.

आणि तिच्यावर टपलेल्या या लाल मुंग्या, भक्षक. परागकण आणणारी माशी सापडली तर त्या तिलाही सोडत नाहीत. पण ती पटकन आत शिरते. परजीवी माशीला सुई खुपसून फळावर ताटकळावं लागतं, म्हणून तीच जास्त मारली जाते. मुंग्या पोट भरतात, फायदा झाडाचा.

फांदीवरचा नेचा झाडाकडून फक्त जागा घेतो. ही सहभोजिता: एकाला लाभ, दुसऱ्याला ना नफा ना तोटा. ही व्याख्या मी जरा जपूनच वापरतो. पक्ष्याच्या विष्ठेतून वडाचं बी एखाद्या झाडाच्या बेचक्यात पडतं, तेव्हा ते रोपही असंच निरुपद्रवी असतं. मग मुळं जमिनीला टेकतात आणि पाण्यासाठी, उजेडासाठी स्पर्धा सुरू होते. कधीकधी आसरा देणारं झाडच त्यात संपतं. तेच दोन जीव, पण नातं बदललं.

गळून पडलेलं उंबर बुरशी आणि जिवाणू कुजवतात. ते विघटक. सजीवांबरोबर माती, पाणी, हवाही एकाच व्यवस्थेत धरायला हवी, म्हणून ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी 1935 साली परिसंस्था ही संज्ञा मांडली.

(दृश्य: पुन्हा कापलेलं उंबर. आत हालचाल.)

आत आता बिनपंखी नर जागे झालेत. मीलन होईल, ते उंबराला आतून भोक पाडतील आणि मरतील. माद्या परागकण घेऊन त्या भोकातून उडतील. हाताशी एखाद-दोन दिवस. या झाडावरची उंबरं पिकत आलीत, त्यांचा आता उपयोग नाही. दुसरं झाड शोधायचं, ज्याचं दार नुकतं उघडलंय.