चांदण्याची ऊब

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय आहे हवामान बदल. हे ऐकून काही जणांचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला असेल, तर जरा थांबा. धुराडी, मोटारी, प्लॅस्टिक यांपासून मी सुरुवात करणार नाहीये. मी सुरुवात करणार आहे चंद्रापासून.

चंद्र म्हटला की आपल्या तोंडी पहिला शब्द येतो तो शीतल. त्याची नावंच बघा ना, हिमांशू, शीतांशू. ज्याचे किरण थंडगार, तो. तर या शीतांशूचे किरण प्रत्यक्षात उबदार असतात. फार नाही, पण मोजता येतील इतके. आणि माणसाने कोळसा जाळला तर पृथ्वी किती तापेल, याचा पहिला सविस्तर हिशोब झाला तो या चांदण्याच्या उबेवरून. पुन्हा सांगतो, कारण मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही ते वाक्य दोनदा वाचावं लागलं होतं. पृथ्वी किती तापेल, हे पहिल्यांदा काढलं गेलं चांदण्यावरून.

गोष्ट अशी आहे. अमेरिकेत पिट्सबर्गला अ‍ॅलेगेनी नावाची वेधशाळा आहे. पिट्सबर्ग हे त्या काळी कोळशाच्या धुराने काळवंडलेलं शहर, आणि आकाश बघायची वेधशाळा नेमकी तिथे. तिचा प्रमुख होता सॅम्युअल लँगली. हा गृहस्थ कॉलेजात कधी गेला नव्हता. त्याला ध्यास होता उष्णता मोजण्याचा, आणि त्यासाठी १८८० च्या सुमारास त्याने बोलोमीटर नावाचं एक उपकरण तयार केलं. धातूची अगदी पातळ पट्टी, काजळी लावून काळी केलेली. तिच्यावर उष्णतेचे किरण पडले की ती किंचित तापते, तापली की तिच्यातून वाहणाऱ्या विजेला होणारा अडथळा वाढतो, आणि तो फरक मोजायचा. तापमानात अंशाच्या लाखाव्या भागाइतका फरक पडला तरी हे उपकरण सांगत असे. अशी पट्टी हाती आल्यावर माणूस काय करेल? लँगलीने ती चंद्राकडे वळवली. त्याला चंद्राचा ताप बघायचा होता! चंद्रावर भर दुपारी जमीन शंभर अंशांच्याही वर तापते, आणि ती तापलेली जमीन डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण आपल्याकडे फेकत असते.

आता इथे नीट लक्ष द्या. चंद्र डोक्यावर असला की त्याचे किरण हवेच्या थरातून सरळ खाली येतात. चंद्र कलला की ते तिरपे येतात आणि त्यांना जास्त हवा ओलांडावी लागते. क्षितिजापासून ३० अंशांवर असला, तर दुप्पट. लँगलीने आपल्या सहकाऱ्याबरोबर रात्रीमागून रात्री नोंदी केल्या. चंद्र वर असताना ऊब किती पोहोचली, खाली असताना किती, हवा कोरडी असताना किती, दमट असताना किती. जाड हवेतून कमी ऊब पोहोचत होती. बाकीची हवेनेच वाटेत खाल्ली होती.

लँगलीच्या दृष्टीने ही अडचण होती. त्याला चंद्र हवा होता आणि मध्ये हवा येत होती. त्याने आकडे छापले आणि तो पुढे विमानाच्या नादी लागला. त्याचं ते विमान ८ डिसेंबर १९०३ ला उडता उडता पोटोमॅक नदीत कोसळलं, आणि नवव्या दिवशी राइट बंधूंनी उडून दाखवलं. त्याची वर्तमानपत्रांनी इतकी टिंगल केली की चांदण्याचं काम लोक विसरूनच गेले. माझं आपलं मत असं, की एका फसलेल्या प्रयोगासाठी माणसाला आयुष्यभर हसण्याची ही जी सवय आहे, तिने विज्ञानाचं फार नुकसान केलंय. असो. विमान राहू द्या, चंद्राकडे येऊ.

ते आकडे पडले स्वीडनमधला रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस याच्या हाती. लहानपणी हा मुलगा तिसऱ्या वर्षी वाचायला शिकला आणि वडिलांच्या हिशोबाच्या वह्या बघून बेरजा करायला लागला, असं सांगतात. पण १८८४ मध्ये डॉक्टरेटसाठी त्याने प्रबंध दिला, तेव्हा परीक्षकांनी त्याला इतका खालचा दर्जा दिला की विद्यापीठात पुढे शिकवण्याची आशाच जवळपास संपली. १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं ते त्याच प्रबंधातल्या कल्पनेबद्दल. निकालाच्या दिवशी घराघरांत जी रडारड होते ना, त्या दिवशी हे आठवावं.

अऱ्हेनियसला पडलेलं कोडं उन्हाळ्याचं नव्हतंच, ते होतं थंडीचं. एके काळी युरोपभर बर्फाची चादर पसरली होती, ती कशामुळे? हवेतला कार्बन डायऑक्साइड निम्मा झाला, तर तेवढ्याने हिमयुग येईल का? कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो हे तोवर माहीत झालेलं होतं. युनिस फूट या अमेरिकन बाईंनी १८५६ मध्ये काचेच्या नळ्या उन्हात ठेवून त्यात हा वायू जास्त तापतो हे दाखवलं होतं, जॉन टिंडलने १८५९ मध्ये ते प्रयोगशाळेत नेमकं मोजलं होतं. पण खऱ्या हवेत तो किती अडवतो? हे कुठून आणायचं? लँगलीच्या चंद्राकडून. तापलेला चंद्र पाठवतो ते किरण आणि आपली पृथ्वी रात्री आकाशात सोडते ते किरण एकाच जातीचे, डोळ्यांना न दिसणारे. चंद्राची ऊब खाली येताना हवा जेवढी अडवते, त्यावरून पृथ्वीची ऊब वर जाताना हवा किती अडवेल ते काढता येतं. तीच हवा, तेच किरण, फक्त दिशा उलटी.

२४ डिसेंबर १८९४. नाताळची आदली संध्याकाळ. आख्खा देश सणात आणि हा माणूस कागद-पेन्सिल घेऊन बसला. वर्षभर उठलाच नाही म्हणा. उत्तरेकडून दक्षिणेकडे दर दहा अक्षांशांचा एक पट्टा, प्रत्येक पट्ट्यासाठी वर्षाचे चार भाग, प्रत्येक भागासाठी तापमान, दमटपणा, बर्फ, ढग. त्यातही एक पीडा होती. हवा तापली की ती जास्त वाफ धरते, आणि वाफही उष्णता अडवते, म्हणजे हवा आणखी तापते, म्हणजे आणखी वाफ. त्यामुळे एकदा काढलेलं उत्तर पुन्हा हिशोबात घालायचं आणि पुन्हा काढायचं. अशी काही हजार, कदाचित काही दहा हजार गणितं त्याने हाताने केली. त्याचं लग्न १८९४ मध्ये झालं होतं आणि ते १८९६ मध्ये मोडलं. मधला बराचसा काळ नवरोबा आकडेमोड करत होते. कशामुळे काय झालं ते मी सांगत नाही, श्रोते सुज्ञ आहेत.

एप्रिल १८९६ मध्ये निबंध छापून आला. उत्तर असं, की कार्बन डायऑक्साइड निम्मा झाला तर पृथ्वी चार-पाच अंशांनी गारठेल. आणि दुप्पट झाला तर पाच-सहा अंशांनी तापेल. आजचे संगणक म्हणतात साधारण तीन अंश, अडीच ते चारच्या दरम्यान. बोलोमीटर त्या काळचं होतं, उष्णतेचे सगळे किरण त्याला टिपता येत नव्हते. तरीही पेन्सिलीने काढलेलं उत्तर १३० वर्षांनंतर इतकं जवळ यावं! त्याने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली होती, ती लक्षात ठेवा, मी पुन्हा तिथे येणार आहे. हा वायू वाढला, तर दिवसांपेक्षा रात्री जास्त तापतील.

मग दुप्पट करणार कोण? त्याचा मित्र होगबोम याने मोजलं होतं, की जगात वर्षाला सुमारे ५० कोटी टन कोळसा जळतो आणि त्यातून निघणारा वायू हवेतल्या साठ्याच्या हजाराव्या भागाइतका भरतो. म्हणजे काळजी नको, हजारो वर्षं आहेत हाताशी. पुढे कोळशाचा खप वाढताना बघून अऱ्हेनियसने काही शतकं असा अंदाज केला. आणि त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. हवा सुखद होईल, पिकं भरघोस येतील, असं त्याने लिहिलं. बर्फाळ देशातल्या माणसाला ऊब हवीशी वाटणारच, पण एकाची ऊब ती दुसऱ्याची होरपळ, एवढं मात्र त्याच्या गणितात नव्हतं.

श्रोतेहो, घड्याळाकडे बघतोय, अर्धी वेळ चंद्रानेच घेतली. आता भराभर.

हवेचं पांघरूण वाईट नसतं. ते नसतं तर पृथ्वी गोठली असती. ढगाळ रात्र निरभ्र रात्रीपेक्षा उबदार असते हे आपण सगळेच अनुभवतो, तोच हा प्रकार. बिघाड झालाय तो पांघरुणाची जाडी वाढल्यामुळे. आणि ती वाढवली माणसाने. कोळसा, तेल आणि गॅस जाळून, हे सगळ्यात मोठं कारण. जंगलं तोडून, जाळून, हे दुसरं. सिमेंट बनवताना चुनखडी भाजली जाते आणि तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, मग भट्टी कशावरही चालवा. गुरांच्या रवंथातून, पाणी साचलेल्या भातखाचरांतून, कचऱ्याच्या डोंगरांतून, गळक्या गॅसवाहिन्यांतून मिथेन निघतो. तो हवेत कमी वर्षं टिकतो, पण पहिल्या २० वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. रासायनिक खतांतून नायट्रस ऑक्साइड. पुन्हा एकदा: जाळणं, तोडणं, सिमेंट, मिथेन, खतं.

हे माणसाचंच काम कशावरून, सूर्यच तापला नसेल कशावरून, असं विचारणारे अजून भेटतात. सूर्य तापला असता तर हवेचे खालचे-वरचे सगळेच थर तापले असते. इथे खालचा थर तापतोय आणि वरचा, ज्याला आपण स्थितांबर म्हणतो, तो थंड होतोय. उष्णता खालीच अडकली की असंच होणार. शिवाय हवेतला वाढीव कार्बन तपासला, तर तो जुनाट निघतो. ताज्या झाडापाल्यात कार्बनचा किरणोत्सारी प्रकार थोडा तरी असतो, कोट्यवधी वर्षं गाडलेल्या कोळशात तो संपलेला असतो. हवेत असा संपलेला कार्बन वाढतोय. म्हणजे चोराने जागेवर सही करून ठेवली आहे.

उद्योगयुगाआधी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे २८० भाग होते. अऱ्हेनियसच्या वेळी २९५ च्या आसपास. आज ४२० च्या वर. ज्या दुपटीला तो शतकं लागतील म्हणाला, तिची निम्मी वाट आपण ओलांडलीसुद्धा. २०१५ मध्ये पॅरिसला देशांनी करार करून ठरवलं, उद्योगयुगाआधीपेक्षा तापमानात होणारी वाढ दीड अंशाच्या आत थांबवायचा प्रयत्न करू. २०२४ हे एकटं वर्ष दीड अंशाच्या पुढे गेलं. एका वर्षाने तो करार मोडला असं होत नाही, त्यासाठी वीसेक वर्षांची सरासरी धरतात, पण वारा कुठे वाहतोय ते कळतं.

आता त्या रात्रींकडे. अऱ्हेनियस बरोबर होता. जगाच्या मोठ्या भागात रात्रींचं तापमान दिवसांपेक्षा वेगाने वाढलंय. आपण सगळे दुपारच्या उन्हाची बातमी करतो, आकडा मोठा असतो ना. माझं मत विचाराल तर बातम्यांत पहाटेचं तापमान आधी सांगावं. दिवसभर तापलेलं शरीर रात्री निवतं, हृदयाला तेवढीच विश्रांती. ती मिळाली नाही की म्हातारी माणसं, आजारी माणसं तिसऱ्या-चौथ्या रात्री कोसळतात. झाडांचंही तेच. रात्र गरम असली की पीक दिवसा कमावलेलं श्वसनात उडवून टाकतं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतातल्या नोंदींवरून २००४ मध्ये दिसलं, की पिकाच्या दिवसांतलं रात्रीचं तापमान एक अंशाने वाढलं की भाताचं उत्पन्न दहाएक टक्क्यांनी घटतं. गेली ती भरघोस पिकं.

आणि ती वाफ, जिने अऱ्हेनियसला छळलं? एक अंशामागे हवा सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते. त्यामुळे पाऊस येतो तेव्हा कोसळतो, आणि येत नाही तेव्हा तीच तहानलेली हवा मातीतला ओलावा शोषून घेते. पूर आणि दुष्काळ एकाच वर्षी, हे दोन वेगळे अपघात वाटतात, पण मूळ एकच आहे.

अडकलेल्या उष्णतेतला ९० टक्क्यांहून जास्त भाग समुद्राने पोटात घेतलाय. तापलेलं पाणी फुगतं, वर जमिनीवरचा बर्फ वितळून त्यात येतो, आणि १९०० पासून समुद्र सुमारे २० सेंटिमीटर चढलाय. वीतभर म्हणा. वीतभर काय, असं वाटेल, पण वादळाची लाट या वीतभरावर उभी राहून आत येते. प्रवाळांबद्दल तर बोलवत नाही. दोन अंश वाढ झाली तर जवळपास सगळी जातील, दीड अंशावर थांबलो तर थोडी राहतील. अर्ध्या अंशाचा फरक म्हणजे हा.

वेळ संपत आलीय, तेव्हा जाता जाता पुन्हा चंद्र. तो उगवताना कधी बघितलात तर तांबूस, मंद दिसेल. तेव्हा त्याचे किरण सगळ्यात जाड हवेतून आपल्यापर्यंत येत असतात. लँगली आपली काळी पट्टी चंद्राकडे धरून बसला होता, त्याला आता जवळपास १४० वर्षं झाली. तोच प्रयोग, तीच पट्टी, तोच चंद्र घेऊन आज कुणी बसलं, तर चांदण्याची ऊब त्याच्यापर्यंत तेव्हापेक्षा किंचित कमी पोहोचेल.

नमस्कार.